तुमचं विम्बल्डन तुम्ही कुठे बसून पाहिलंत?

यंदा बायकांची फायनल रात्री साडेआठला. म्हटलं आमटीला फोडणी देऊन गॅस बारीक करावा, पहिला सेट बघावा आणि मग पानं घ्यावीत. १२ जुलै २०२५, शनिवार. आमटी मुरायच्या आत सामना आटोपला. ६-०, ६-०. एकूण ५७ मिनिटं. इगा श्वियाँतेकने (पोलिश नावं देवनागरीत कशी लिहायची ते एकदा कुणीतरी ठरवून टाका) बिचाऱ्या अमांडा अनिसिमोव्हाला एक गेम म्हणून दिला नाही. धाकटी जाऊ हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "संपली पण? मी अजून बसलेसुद्धा नाही!" बायकांच्या फायनलमध्ये असा स्कोअर याआधी १९११ साली लागला होता म्हणे.

दुसऱ्या दिवशी सिनरने अल्काराझला हरवलं तो सामना जास्त चांगला झाला, पण पुढे मला आठवणार आहे ती आमटीच. विचार करत गेले तेव्हा कळलं, मला एकही विम्बल्डन नुसतं आठवत नाही. त्याच्याबरोबर एखादं घर आठवतं, खुर्ची आठवते, शेजारी कोण बसलं होतं ते आठवतं. म्हणून हे आवतण. तुमचं विम्बल्डन सांगा. टीव्हीवरचं चालेल, प्रत्यक्षातलं चालेल, रेडिओवर ऐकलेलं असेल तर फारच उत्तम.

अट एकच. फेडरर मोठा, नदाल मोठा की जोकोविच मोठा हा वाद इथे नको. त्यावर आमच्या घरात दोन भाऊ तीन वर्षं एकमेकांशी नीट बोललेले नाहीत.

सांगली

आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, तोही ब्लॅक अँड व्हाइट, तोही खालच्या बिऱ्हाडात. १९८८ ची पुरुषांची फायनल, बेकर आणि एडबर्ग. मी सातवीत. दुपारपासून अँटेना फिरवायला मला गच्चीवर पाठवलेलं. खालून आवाज यायचा, "थोडं डावीकडं... गेलं, गेलं... परत आण!" त्यामुळे जे काही दाखवलं त्यातलं निम्मं मी पाहिलंच नाही, नुसतं ऐकलं.

खाली आलो तर वेगळाच पेच. दोघं पांढऱ्या कपड्यांत. दोघांचे केसही फिके, म्हणजे आमच्या टीव्हीवर तेही पांढरेच. चेंडू तर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. कोण कुठला ते कुणालाच कळेना. शेवटी माझ्या आजीने सोडवलं. ती भिंतीला टेकून वाती वळत बसली होती. म्हणाली, "अरे, जो लोळतो तो बेकर." आणि खरंच! चेंडू हाताबाहेर गेला की बेकर सरळ अंग टाकून द्यायचा आणि गवतावर लोळून उठायचा. एडबर्ग उभ्यानेच सगळं करायचा, इस्त्री न मोडता. तेव्हापासून आमच्या घरात लोळणारा आणि न लोळणारा अशी दोनच नावं चालली.

त्या रविवारी तिकडे पाऊस. थोडेसे गेम झाले आणि उरलेला सामना सोमवारवर गेला. सोमवारी आमच्याकडे लाइट गेली ती रात्री उशिरा आली. मंगळवारच्या पेपरात वाचलं की न लोळणारा जिंकला. आजीला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं. त्या दुसऱ्याच्या आईला कपडे धुवायचा किती ताप."

पुढच्या वर्षी लोळणाऱ्याने उट्टं काढलं, त्याच्या पुढच्या वर्षी परत एडबर्ग. तीन वर्षं ओळीने तेच दोघं फायनलला. आजी १९९० ला होती, त्यानंतर नाही.

नागपूर

मी सहसा लिहीत नाही. वाचून राहवलं नाही म्हणून.

१९९३. बायकांची फायनल, स्टेफी ग्राफ आणि याना नोव्होत्ना. माझा बारावीचा निकाल लागून गेला होता आणि मेडिकल चार मार्कांनी हुकलं होतं. घरात कुणी काही बोलत नव्हतं, आणि तेच जास्त लागायचं. बाबा सरकारी नोकरीत, अतिशय शिस्तीचे. शनिवारी संध्याकाळी ते टीव्ही लावून बसले आणि मला म्हणाले, "ये, बस." निकालानंतर ते माझ्याशी आपणहून बोललेलं हे पहिलंच वाक्य.

पहिला सेट स्टेफीने टायब्रेकमध्ये घेतला. दुसरा नोव्होत्नाने ६-१. तिसऱ्यात नोव्होत्ना ४-१ ने पुढे, सर्व्हिस तिची, ४०-३०. एक पॉइंट मिळाला की ५-१. तिने डबल फॉल्ट केला, म्हणजे सर्व्हिसच्या दोन्ही संधी चुकवून पॉइंट घालवला. त्यानंतर जे झालं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. नेटपाशी सोपे चेंडू बाहेर जायला लागले, हात आखडल्यासारखा झाला. आपल्या हातात आलेली वस्तू आपल्याच बोटांतून निसटताना ती बघत होती आणि तिला थांबवता येत नव्हतं. तो सेट स्टेफीने ६-४ जिंकला. तिने पाच गेम ओळीने घेतले होते.

बक्षीस द्यायला डचेस ऑफ केंट आल्या. नोव्होत्ना आधी हसायचा प्रयत्न करत होती. डचेस काहीतरी बोलल्या आणि तिचा बांध फुटला. सगळ्या जगासमोर तिने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडली. राजघराण्यातल्या बाईच्या खांद्यावर!

मी बाबांकडे बघितलं नाही. त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने उठले, स्वयंपाकघरात गेले आणि स्वतः चहा टाकला. साखर दुप्पट पडली होती. आम्ही दोघांनी तो प्यायला.

१९९७ ला ती पुन्हा फायनलला आली आणि सोळा वर्षांच्या हिंगिसकडून हरली. १९९८ ला जिंकली. तेव्हा मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून नोकरीला लागले होते. एसटीडी बूथवरून घरी फोन केला तर बाबांनी उचलताच सांगितलं, "जिंकली बरं का." कोण ते विचारावं लागलं नाही.

डोंबिवली

वरचं वाचून डोळे भरून आले, आता जरा हलकं लिहितो.

स्टेफी ग्राफशी लग्न करायचं असं मी पाचवीत ठरवलं होतं. स्पोर्टस्टारच्या मधल्या पानावरचं तिचं पोस्टर कपाटाच्या दाराला आतून लावलेलं, बाहेरून गणपती. १९९६ च्या सेमीफायनलला किमिको दातेविरुद्ध ती सर्व्हिस करायच्या बेतात असताना प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "स्टेफी, माझ्याशी लग्न करशील का?" तिने चेंडू दोनदा टप्पा मारला, हसली आणि विचारलं, "तुझ्याकडे पैसे किती आहेत?"

अख्खं कोर्ट हसलं. मी माझा गल्ला उघडून मोजले. एकशे बारा रुपये आणि काही चिल्लर.

बायको हे वाचते आहे. तिला हे माहीत आहे. तिच्या कपाटात आगासी होता, आणि स्टेफीने पुढे लग्न केलं ते त्याच्याशीच, म्हणजे शेवटी बघा.

हाउन्स्लो, लंडन

इथल्या रांगेबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं, तर मी लिहिते. आम्ही २०१९ ला गेलो. आम्ही म्हणजे नवरा, मी आणि चौदा वर्षांची मुलगी, जिला यायचं नव्हतं.

ज्यांनी पंढरपूरची दर्शनबारी केली आहे त्यांना विम्बल्डनची रांग समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतील. पदस्पर्श दर्शन म्हणजे सेंटर कोर्ट, नंबर एक आणि नंबर दोन कोर्ट. रोज प्रत्येकाची साधारण पाचशे तिकिटं रांगेतल्यांसाठी राखून ठेवलेली असतात (सेंटर कोर्टची शेवटचे चार दिवस नसतात). मुखदर्शन म्हणजे ग्राउंड पास. आत जा, लहान कोर्टांवर हवं ते बघा आणि मोठं काही बघायचं तर टेकडीवर बसून पडद्यावर बघा. टेकडीचं नाव हेनमन हिल. हेनमन चार वेळा सेमीफायनलला गेला आणि फायनलला एकदाही नाही, तरी टेकडी त्याच्याच नावाची. हे मला फार इंग्रज वाटतं.

पदस्पर्श हवा तर मुक्काम करावा लागतो. आम्ही रविवारी दुपारी साउथफील्ड्स स्टेशनला उतरून चालत विम्बल्डन पार्कात गेलो. मैदानभर तंबूंच्या ओळी. दोन माणसांहून मोठा तंबू चालत नाही. गेल्या गेल्या हातात रांगेचं कार्ड देतात, त्यावर तुमचा नंबर. ते कार्ड हरवलं की संपलं. "आमच्या बॅगा बघा हं, आलोच" असं म्हणून तासन्‌तास गायब होणं खपत नाही, पाठवलेला रुमाल रांगेत उभा राहत नाही. नवऱ्याने पहिल्या दहा मिनिटांतच पुढच्या आजोबांशी ओळख काढली. ते कैक वर्षं येत होते. त्यांच्याकडे घडीचं टेबल, टेबलक्लॉथ आणि काचेचे ग्लास. आमच्याकडे मेथीचे ठेपले, लसणाची चटणी, दोन किलो चिवडा. रात्री आठपर्यंत चिवडा चार तंबूंत फिरला होता. आजोबांनी चटणी जॅमसारखी पावावर फासली. आम्ही ओरडेपर्यंत उशीर झाला होता. पण माणूस खानदानी, डोळ्यांत पाणी आलं तरी "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणाले.

रात्री थंडी, जून-जुलै असूनही. पहाटे साडेपाचच्या सुमारास कार्यकर्ते तंबूतंबूपाशी येऊन उठवतात, अगदी मऊ आवाजात. तंबू आवरायचे, सामान ठेवायच्या जागी टाकायचं, दाटीने उभं राहायचं. मग मनगटावर पट्टी बांधतात. ती कुठल्या कोर्टाची मिळाली त्यावर नशीब. आम्हाला नंबर एक कोर्ट मिळालं. तेव्हा त्याचं सरकतं छप्पर कोरं करकरीत होतं, त्याच वर्षी झालेलं. मुलगी म्हणाली, "सेंटर कोर्ट नाही? मग एवढा त्रास कशाला?"

तर त्या दिवशी नंबर एक कोर्टावर व्हीनस विल्यम्स, पाच वेळची विजेती, वय ३९, आणि समोर पात्रता फेरीतून आलेली कोको गॉफ नावाची पंधरा वर्षांची मुलगी. पात्रता फेरी चालू असताना तिने शाळेची विज्ञानाची परीक्षा रात्री ऑनलाइन दिली होती. आमची मुलगी फोनमधून मान वर काढून बघायला लागली. कोको ६-४, ६-४ जिंकली. हात मिळवताना व्हीनसला ती काहीतरी सांगत होती, नंतर कळलं की आभार मानत होती. मग खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली आणि डोळे पुसले.

परतताना मुलगी गप्प. ट्रेनमध्ये म्हणाली, "तिने सायन्सचा पेपर दिला, आणि मग हे." मी काही बोलले नाही. उपदेशाची इतकी छान संधी मी आयुष्यात दुसरी सोडलेली नाही.

स्ट्रॉबेरीचं: तेव्हा अडीच पौंडांना एक द्रोण, वर साय. कित्येक वर्षं तोच भाव होता, २०२५ ला २० पेन्स वाढले. केंटच्या शेतातून त्याच दिवशी पहाटे तोडून आणतात. चांगल्या असतात. पण महाबळेश्वरच्या माणसाला काय सांगायचं.

पुणे, कोथरूड

रांगेबद्दल छान लिहिलंय. मी गवताबद्दल लिहितो, कारण ते कुणी लिहिणार नाही.

मी मुरमाच्या कोर्टावर शिकलो. सकाळी पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या, मग खेळायला मिळायचं. कॉलेजात असताना कलकत्त्याला एका स्पर्धेत पहिल्यांदा गवतावर उतरलो. पहिल्याच सर्व्हिसला प्रतिस्पर्ध्याचा चेंडू टप्पा पडून वर आलाच नाही. घोट्याएवढ्या उंचीवरून सुर्रकन निघून गेला आणि मी हवेत बॅट फिरवून उभा. दुसऱ्या गेमला मागे वळताना पाय सटकला. गुडघ्यावर हिरवा डाग घेऊन ०-६, १-६ हरून आलो. यंदाच्या अनिसिमोव्हापेक्षा माझा एक गेम जास्त आहे, याची नोंद घ्यावी.

तो चेंडू का उठत नाही? गवताच्या पात्यावर तो घसरतो, अडत नाही. मातीत रुततो, वेग जातो, उसळतो. गवतावर वेग टिकतो आणि उंची मिळत नाही. म्हणून पूर्वी सर्व्हिस केली की नेटकडे पळत सुटायचं, चेंडूचा टप्पा पडूच द्यायचा नाही. बेकर, एडबर्ग, सॅम्प्रस, सगळे तेच करायचे.

२००१ पासून विम्बल्डनने गवत बदललं. आधी ७० टक्के रायग्रास आणि ३० टक्के फेस्क्यू असं मिश्रण असे, तेव्हापासून निव्वळ रायग्रास. ते जास्त टिकतं. खालची माती घट्ट राहते, चेंडू थोडा वर येतो आणि बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेघेवरून, खेळणाऱ्याला मारायला वेळ मिळतो. सामन्यांच्या वेळी उंची बरोबर ८ मिलिमीटर.

यावर विश्वास नसेल तर एक करा. १९९० च्या आसपासच्या एखाद्या फायनलचा फोटो काढा आणि आताच्या फायनलचा शेजारी ठेवा. जुन्यात दुसऱ्या आठवड्यापर्यंत बेसलाइनपासून नेटपर्यंत गवत मेलेलं दिसेल, माणसं पळून पळून पायवाट पडलेली. आताच्यात नेटजवळ हिरवंगार आणि बेसलाइनच्या मागे नुसती माती. खेळ कुठून कुठे गेला ते कोर्टानेच लिहून ठेवलंय.

आणि पहिल्या आठवड्यात गवत कोवळं, ओलसर असतं तेव्हा फार जपावं लागतं. २०२१ ला एकाच दिवशी सेंटर कोर्टवर आधी मानारिनो घसरला आणि सामना सोडावा लागला, नंतर सेरेना. माझा गुडघा अजूनही पावसाळ्यात बोलतो.

दादर, मुंबई

मी निवृत्त संस्कृत शिक्षिका. टेनिसमधलं मला एवढंच कळतं की शून्याला "लव्ह" म्हणतात, आणि ते मला योग्य वाटतं. तरी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे.

एम.ए.ला आम्ही पंडिता क्षमाबाई राव वाचत होतो. शंकर पांडुरंग पंडितांची ही कन्या. ज्यांनी सायणभाष्यासह अथर्ववेद छापला ते पंडित. क्षमाबाईंनी सत्याग्रहावर संस्कृतात काव्य लिहिलं, कथा लिहिल्या. वर्गात सरांनी सहज सांगितलं, "या बाई टेनिसही उत्तम खेळायच्या, आणि यांची मुलगी विम्बल्डनला खेळली." आम्ही हसलो. वाटलं सर गंमत करतायत.

गंमत नव्हती. लीला राव. १९३४ साली त्या विम्बल्डनला पहिल्या फेरीचा सामना जिंकल्या. तिथे सामना जिंकलेली पहिली भारतीय स्त्री. दुसऱ्या फेरीत हरल्या. पुढे त्यांनी संस्कृत नाटकं लिहिली, आईच्या कथांवरूनही लिहिली.

मला राहून राहून ते घर डोळ्यांसमोर येतं. एका खोलीत अनुष्टुभ चाललाय आणि दुसऱ्या खोलीत रॅकेटच्या तारा ताणल्या जातायत. कुणाला त्यांचा खेळतानाचा फोटो मिळाला तर इथे जरूर लावा. मी बारावीच्या मुलींना हे सांगायचे तेव्हा शेवटच्या बाकावरच्या जाग्या व्हायच्या.

अंधेरी

गोरान. २००१. बाकी काही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: क्रोएशियाचा गोरान इव्हानिसेविच, तीन फायनल हरलेला माणूस, रँकिंग १२५, खांदा गेलेला. कुणीतरी दया येऊन वाइल्ड कार्ड दिलं, म्हणजे रँकिंग नसताना थेट प्रवेश. पावसामुळे फायनल सोमवारी, ९ जुलैला, आणि बरीच तिकिटं रांगेतल्या सामान्य लोकांना मिळाली. समोर ऑस्ट्रेलियाचा राफ्टर. तिथे क्रोएशियाचे आणि ऑस्ट्रेलियाचे झेंडे, आवाज फुटबॉलचा.

मी पोट बिघडल्याचं ऑफिसात कळवलं होतं. गोरानचे टोटके फार. रोज सकाळी टीव्हीवर लहान मुलांचं टेलिटबीज बघायचा, रोज तेच जेवायचा. मीही पंधरा दिवस तीच खुर्ची, तोच बनियन. आई पाचव्या सेटला कोथिंबीर निवडत दारात उभी होती. तो ७-७ वरून राफ्टरची सर्व्हिस मोडून पुढे गेला आणि मी तिला ओरडलो, "हलू नकोस!" मॅच पॉइंट. डबल फॉल्ट. दुसरा मॅच पॉइंट. परत डबल फॉल्ट. तिसऱ्याला राफ्टरचा लॉब डोक्यावरून. आई म्हणाली, "अरे पाय दुखले." मी म्हटलं, आता नाही. चौथ्याला राफ्टरचा रिटर्न नेटमध्ये. ९-७.

मी रडत होतो, आई हसत होती, कोथिंबीर सगळ्या घरभर.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "पोट कसं आहे?" मी म्हटलं, बरं. ते म्हणाले, "हो, माझंही कालच बिघडलं होतं."

सातारा

छोटीशीच आठवण. १९९९, पेस-भूपती डबल्स जिंकले ते वर्ष. माझा भाऊ तेव्हा कारगिलला होता. आमच्याकडे टीव्ही बातम्यांपुरता लागायचा, आणि बातम्या संपल्या की आप्पा लगेच बंद करायचे, जणू चालू ठेवला तर अजून काहीतरी यायचं. त्या दिवशी बातम्यांत शेवटी या दोघांना कप उचललेला दाखवलं, छातीला छाती भिडवून उड्या मारताना. आप्पांनी बटणावरचा हात मागे घेतला. ते संपेपर्यंत टीव्ही चालू राहिला.

भाऊ परत आला. आता नातवंडांना कॅरम शिकवतो.

पुणे, सदाशिव पेठ

१४ जुलै २०१९. लंडनमध्येच एकीकडे क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल, दुसरीकडे फेडरर-जोकोविच. घरात टीव्ही एक, रिमोट बाबांच्या हातात. ऐन पाचव्या सेटला फेडरर ८-७, सर्व्हिस त्याची, ४०-१५. दोन मॅच पॉइंट. बाबा म्हणाले, "झालं हे," आणि बदललं. स्टोक्सचे दोन चेंडू बघून परत आले तर ड्यूस, म्हणजे ४०-४० बरोबरी.

आमच्या घरात तो सामना जोकोविचने जिंकलेला नाही. १३-१२ वगैरे नंतरचं. तो बाबांनी हरवलाय. दर दिवाळीला विषय निघतो. बाबा आता म्हणतात की त्यांनी चॅनल बदललंच नव्हतं, माझ्या धाकट्या बहिणीने बदललं. ती तेव्हा बंगलोरला होती.

ब्रनो, चेक प्रजासत्ताक

नागपूरच्या ताईंसाठी लिहितोय.

मी इथे आयटीत आहे, सहा वर्षं झाली. नोव्होत्ना याच ब्रनोची. २०१७ मध्ये कॅन्सरने गेली, वय ४९. त्याआधी, २०१४ मध्ये, इथलीच अठरा वर्षांची एक मुलगी तिच्या घराच्या दारात पत्र घेऊन उभी राहिली होती, की ज्युनिअर संपलं, पुढे काय करावं सांगा. नोव्होत्नाने तिला शिकवायला घेतलं, दौऱ्यांवर बरोबर गेली. ती मुलगी बार्बोरा क्रेचिकोव्हा.

२०२४ ला ती विम्बल्डनच्या फायनलला आली तेव्हा मी ऑफिसच्या खालच्या पबमध्ये होतो. इथले लोक आपल्यासारखे ओरडत नाहीत. ग्लास टेबलावर ठेवून बघत बसतात. ६-२, २-६, ६-४. शेवटचा पॉइंट संपला तरी दोन सेकंद शांतता, मग एका म्हाताऱ्या बाईने टाळी वाजवली.

पण तुम्ही त्यानंतरचं बघा. क्लबच्या आत विजेत्यांच्या नावांचा मोठा फळा आहे. तिला तिथे नेलं, तिचं नाव लागलेलं दाखवलं. १९९८ समोर यानाचं नाव, त्याच फळ्यावर २०२४ समोर हिचं. आधी हसत होती. मग तोंडावर हात घेतला आणि रडायलाच लागली.

नागपूर

हे मला माहीत नव्हतं. आत्ता शोधून पाहिलं. बाबा ८४ वर्षांचे आहेत, ऐकायला कमी येतं, त्यांना फोनवर मोठं करून दाखवलं. फळा नीट दिसला नाही म्हणून चष्मा पुसून परत लावायला सांगितलं. मग म्हणाले, "चहा कर."

कोल्हापूर

सगळ्यांचं वाचलं. लई भारी. आमचंबी घ्या की जरा.

आमच्याकडं कुस्ती आणि फुटबॉल. टेनिस म्हटलं की मंडळी हळदीसारखा पिवळा बॉल आणि गल्लीतलं क्रिकेट समजत्यात. पण २०२२ ला विम्बल्डननं चौदा वर्षांखालच्या पोरांची स्पर्धा पहिल्यांदा भरवली, आणि त्यात आपली ऐश्वर्या जाधव खेळायला गेली. पन्हाळा तालुक्यातली पोरगी! जिंकली नाही, पण त्या पंधरवड्यात तालमीच्या कट्ट्यावर विम्बल्डनशिवाय दुसरा विषय नव्हता. आमचे एक मामा, जन्मभर दूधाचा धंदा, त्यांना मी मोबाईलवर कोर्ट दाखवलं. मामा बघतच राहिले.

"हे गवत खरं?"

"खरं मामा."

"आणि त्यावर पळत्यात? खायला कुणी न्हाई?"

आता त्या कोथरूडच्या सरांचं वाचून मामांना सांगितलं की गवत बरोबर आठ मिलिमीटर ठेवत्यात. मामांनी बोटाच्या पेरावर नखानं मोजलं, मान हलवली आणि म्हणाले, "मग उपेग न्हाई. म्हशीचं तोंडच पोचायचं न्हाई."